बाळंतिणीचे लाडू आणि त्याआधीचे ताट : गरोदरपणातील व अंगावर पाजतानाचा आहार

जवस (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात एका प्रसूतिगृहात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची जितकी काळजी घेतली जाते तितकी गरोदर बाईची घेतली जात नाही, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली, अद्याप दिवस न गेलेली सून काय जेवते याकडे तर घरात कोणाचेच लक्ष नसते. मूल झाल्याची बातमी गेली की माहेरी खारीक-खोबरे कुटायला घेतले जाते, डिंक तळला जातो, आळिवाची खीर रोज सकाळी पुढ्यात येते. हे सारे मायेने होते आणि त्यातले बरेचसे उपयोगाचेही असते. परंतु बाळाच्या शरीराची मांडणी ज्या महिन्यांत होते ते महिने तोवर उलटून गेलेले असतात. या धाग्यात मला मुख्यतः त्या आधीच्या महिन्यांविषयी लिहायचे आहे.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, मग तपासणी केली, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम धरला तर दिवस गेल्याचे पक्के कळेपर्यंत हे काम जवळजवळ उरकलेले असते. पूर्वीचे एक मूल या नलिकेचा दोष घेऊन आलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतले, तर पुढच्या मुलात तोच दोष येण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली चाचणीतून दाखवले. म्हणूनच आज प्रत्येकच स्त्रीला मूल हवे असल्याचे ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला सांगितले जाते. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी ती तिसऱ्या महिन्यात सुरू केलेली असते.

पहिल्या महिन्यांतल्या उपासमारीचे परिणाम किती लांबवर जातात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने तिथल्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि शहरांतील माणसांना दिवसाला हजार उष्मांकही मिळेनासे झाले. त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा अभ्यास पुढे कित्येक दशके चालला. ज्यांच्या मातांची उपासमार गरोदरपणाच्या सुरुवातीला झाली आणि नंतर ज्यांना पुरेसे अन्न मिळाले, त्यांची मुले जन्मतः सामान्य वजनाची होती, आणि तरीही पन्नाशीला आल्यावर त्यांच्यात हृदयविकार आणि स्थूलपणा अधिक आढळला. केवळ जन्माच्या वेळचा वजनकाटा पाहून सारे ठीक असल्याचे मानता येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

आपल्या महाराष्ट्राचा दाखला तर याहून जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून मागोवा घेतला. या बायकांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोची होती. आपल्या बाळांत स्नायू आणि अवयव कमी पडले होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकते. याच अभ्यासात असेही दिसले की ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळे आकाराने मोठी होती, आणि ज्या माता शेतावर व घरात अधिक राबत होत्या त्यांची लहान. पोट किती भरले यापेक्षा ताटात काय होते आणि अंगावर काम किती होते, याकडे या निष्कर्षांचा रोख आहे.

पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'सरस' या प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, सुकी फळे आणि दुधाची भुकटी घालून केलेला खाऊ रोज देण्यात आला. सरसकट सगळ्यांचा हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार होती आणि या मातांमध्ये गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. अगदी हडकुळ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन तेवढ्या खाऊने वाढले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या मते ज्या बाईची स्वतःचीच झीज भरून निघालेली नाही तिला एवढ्याशा खाऊने पुरत नाही, आणि तिच्या बाबतीत काळजी मुलगी वयात येते तेव्हापासूनच घ्यायला हवी. मुलीच्या अंडाशयातील बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यामुळे आज जन्मणारे बाळ ज्या बीजापासून झाले, ते घडताना आजी काय जेवत होती हा प्रश्नही गैरलागू नाही.

आपापल्या घरचे अनुभव, शंका आणि मतभेद सविस्तर लिहावेत, ही विनंती.

मालदांडी

जवसताई, फार गरजेचा विषय मांडलात. मी मंगळवेढ्याकडची. आमच्या भागात सातवा महिना लागला की वडीलधाऱ्या बायका 'आता हात आखडून जेव, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल' असे सांगतात. माझ्या थोरल्या जावेने शेवटचे दोन महिने रात्रीची भाकरी अर्धी केली होती आणि लोहाच्या गोळ्याही त्याच भीतीने डब्यात टाकून ठेवल्या होत्या. दुसरे विचारायचे ते असे की, आमच्याकडे ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी आणि शेंगांची चटणी हे रोजचे जेवण आहे. एवढ्याने गरोदर बाईचे भागते का?

जवस (धागाकर्ती)

मालदांडीताई, ही समजूत बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिच्यामागे क्रूरपणा नाही. दवाखाना लांब असताना आणि अडलेली बाई वाटेतच दगावत असताना जुन्या बायकांनी जिवाच्या भीतीने ती जपली असावी. आज तिचा उपयोग उरलेला नाही, तोटा मात्र पूर्ण होतो. बाळाचे वजन सर्वाधिक वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांना पुरणारा लोहाचा साठाही बहुतांशी त्याच काळात बाळाच्या शरीरात जमा होतो. आईच्या दुधात लोह मुळातच कमी असते, म्हणून ही शिदोरी पोटातूनच घेऊन यावी लागते. अर्धी भाकरी कमी केल्याने बाळंतपण सोपे होईल याची खात्री नाही. बाळ अशक्त निघण्याची आणि रक्तस्राव झाला तर आईला तो न सोसण्याची शक्यता मात्र वाढते.

भाकरी, आमटी आणि शेंगांची चटणी हा उत्तम पाया आहे आणि तो सोडून पाव-बिस्किटांकडे वळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो, शेंगदाण्यातून फोलेटही (म्हणजे अन्नातले फोलिक ॲसिड) मिळते. उणीव राहते ती लोह अंगी लागण्याची. ज्वारीत लोह असते, पण तिच्यातील फायटेट नावाचा घटक त्याला धरून ठेवतो आणि जेवणासोबतच्या चहामुळे उरलेले लोहही फारसे शोषले जात नाही. आपल्याकडे सकाळी चहात कडक भाकरी बुडवून खाण्याची पद्धत किती घरांत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ती भाकरी पोट भरते, पण तिच्यातले लोह जवळजवळ वाया जाते. चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा, भाकरीसोबत लिंबाची फोड किंवा पेरू असावा, मटकी-हुलगे मोड आणून घ्यावेत आणि ज्वारीची आंबील अधूनमधून करावी, कारण मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होते. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटात हंगामात स्वस्त मिळतात. गरोदरपणात दिवसाला साधारण ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे एक जास्तीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध पुरेसे होते.

लोहाच्या गोळ्यांना आहाराचा पर्याय मात्र नाही. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक गोळी, असा शासनाचा कार्यक्रम आहे आणि त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे जवळजवळ दर दुसरी. शौचाला काळे होणे आणि थोडी मळमळ होणे हे गोळी लागू पडत नसल्याचे लक्षण नव्हे. रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घेतली तर त्रास कमी होतो. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. 'गोळ्यांनी बाळ काळे होते' हे साफ खोटे आहे.

पूर्व_भाग

माझी आई विडी कामगार होती आणि मी आज शिक्षिका आहे, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. जवसताईंनी सांगितलेले सारे मला पटते, पण आमच्या भागातल्या बाईचा दिवस कसा जातो हे समजल्याशिवाय हा सल्ला तिच्या ताटापर्यंत पोहोचणार नाही. हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि जर्दा, पाठीचा कणा दिवसभर वाकलेला, आणि भूक लागली की उठायला नको म्हणून चहा. विड्या कमी भरल्या किंवा तपासणीत बाद ठरल्या तर मजुरी कापली जाते, म्हणून जेवण ढकलत ढकलत दुपारी तीन वाजतात. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंतही हे चालू असते, कारण बसून करायचे काम म्हणजे हलके काम, असा समज आहे.

तंबाखूची धूळ त्याच खोलीत, बोटांना तोच जर्दा, आणि त्याच हातांनी घाईत खाल्लेला घास. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांच्या घरकुलांत गेलात तर दारोदारी हे दिसेल. शिवाय मिश्री. दात घासण्याच्या निमित्ताने सकाळी सुरू झालेली मिश्री दिवसातून चार वेळा कशी होते हे बाईला कळतही नाही, आणि गरोदरपणात मळमळ शमते म्हणून ती वाढते. याचा बाळावर काय परिणाम होतो, हे जाणकारांनी लिहावे.

कंबर_तलाव

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पूर्व_भाग यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात (२००४ साली प्रसिद्ध झालेल्या) असे आढळले की मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. 'सरस' खाऊने वाढलेले ४८ ग्रॅम वर आले आहेत, ते या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत. तंबाखूतील निकोटीन वारेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे आईने जेवलेले अन्नही बाळापर्यंत पुरते पोहोचत नाही. हे निकोटीन कातडीतूनही शोषले जाते आणि दुधातूनही उतरते. मिश्री पूर्ण बंद करावी. विडीचे काम तोडणे ज्या घराला परवडत नाही तिथे निदान काम आणि स्वयंपाक यांची जागा वेगळी करावी, जेवण्यापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत आणि साडी बदलावी.

आता दुधाविषयी, कारण याबाबत फार गोंधळ आहे. आईच्या दुधातील सारेच घटक तिच्या जेवणावर सारखे अवलंबून नसतात. कॅल्शियम, लोह, जस्त आणि फोलेट यांचे दुधातील प्रमाण आई नीट जेवली नाही तरी बऱ्यापैकी टिकून राहते. कॅल्शियम तर आईच्या हाडांतून काढून बाळाला पुरवले जाते आणि पाजणे थांबल्यावर ते हाडांत पुन्हा भरले जाते, मात्र त्यासाठी दोन बाळंतपणांत अंतर हवे. याउलट बी-१, बी-२, बी-१२, अ-जीवनसत्त्व, आयोडीन आणि मेंदूला लागणारी डीएचए ही चरबी यांचे दुधातील प्रमाण आईच्या आहाराप्रमाणे कमी-जास्त होते. आई उपाशी राहिली तर यांतील तूट थेट बाळाला भोगावी लागते.

बी-१२ च्या तुटीची सर्वांत वाईट बाजू मी पाहिलेली आहे. सहा महिने ते दीड वर्षाचे मूल येते, अंगाने गुटगुटीतही असते. आई सांगते की हसायचे, बसायला लागले होते, आता मान धरत नाही, नजर लावत नाही. केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या सांध्यांवर काळसर डाग, आणि काही दिवसांनी हातपाय व मान थरथरू लागतात. मूल केवळ अंगावरच्या दुधावर असते, वरचे अन्न नावापुरतेही सुरू झालेले नसते, आणि आईच्या जेवणात दूध-दही-अंडे यांतले काहीच नसते. बी-१२ चे इंजेक्शन दिल्यावर काही दिवसांत मूल पुन्हा हसू लागते, पण उशीर झाला असेल तर बुद्धीच्या वाढीत राहिलेली कसर कायमची राहू शकते. आईला मात्र थकव्यापलीकडे काहीच जाणवत नसते.

यावरून अंगावर पाजणे थांबवावे असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. जन्मल्यावर तासाभरात छातीशी धरावे, चीक टाकून देऊ नये, सहा महिने पाणीसुद्धा न देता केवळ अंगावर पाजावे आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे चालू ठेवावे. दुरुस्ती आईच्या ताटात करायची आहे.

विजापूर_रोड

डॉक्टर, वाचून काळजात धस्स झाले. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही घरात येत नाही आणि ते आणण्याचा विचारही आम्ही करणार नाही. पत्नीला चौथा महिना सुरू आहे. दूध तिला आवडत नाही, ताक मात्र ती रोज पिते. फोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, हुग्गी, सारे काही घरात होते. एवढे असताना बी-१२ कमी पडू शकेल का?

जवस (धागाकर्ती)

दादा, पडू शकेल, कारण बी-१२ कोणत्याही पालेभाजीत, डाळीत किंवा धान्यात नसते. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांकडून, म्हणजे शाकाहाऱ्यांच्या बाबतीत दूध आणि दह्यातूनच येते. गरोदरपणात दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम आणि अंगावर पाजताना सव्वातीनच्या आसपास लागते. अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते. पेलाभर पातळ ताकात दह्याचा अंश किती असतो याचा हिशेब घरी करून पाहा, म्हणजे तूट लक्षात येईल. याज्ञिकांच्या पाहणीत त्या खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते, आणि त्यांतील अनेक घरे शाकाहारी नव्हती. मटण सणासुदीला होत होते आणि बाईच्या वाट्याला रस्सा येत होता.

याच संशोधनातील आणखी एक निष्कर्ष तुमच्यासारख्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा संबंध पाहणीतून दिसलेला आहे, म्हणून फोलिक ॲसिड बंद करण्याची चूक कोणी करू नये. ते चालूच राहिले पाहिजे, जोडीला बी-१२ हवे. पत्नीची बी-१२ ची रक्ततपासणी या आठवड्यात करून घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा. ती जिवाणूंपासून तयार होते, त्यामुळे तुमच्या आचाराला बाध येत नाही. कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे असू शकते, म्हणून साधी गोळी मागून घ्या. दूध आवडत नसेल तर घट्ट दही, पनीर, खरवस किंवा दुधातली नाचणीची खीर चालेल. डीएचएसाठी जवसाची आणि कारळ्याची चटणी रोजच्या भाकरीसोबत असू द्या, मात्र जवसातील चरबीचे डीएचएमध्ये रूपांतर अगदी थोडे होते. शेवाळापासून काढलेले डीएचए शाकाहारी असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारता येईल.

अक्कलकोट_रोड

मी दोन सुनांची सासू आहे. इथे लिहिणाऱ्या तरुण मुलींना वाईट वाटणार नसेल तर मी जुन्यांची बाजू मांडते. आम्ही ओल्या बाळंतिणीला पालेभाजी देत नाही कारण बाळाला हगवण लागते, दही-ताक देत नाही कारण सर्दी होते, हरभऱ्याची डाळ देत नाही कारण बाळाचे पोट फुगते. सव्वा महिना मऊ भात, तूप, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, शेपू, लसणाची चटणी, बाळंतशोपा. आमच्या सासूबाईंनी आम्हाला हेच दिले आणि आमची मुले धडधाकट आहेत. यातले काय चुकीचे आहे?

कंबर_तलाव

काकू, तुम्ही मोकळेपणाने विचारलेत, हे फार बरे झाले, कारण पथ्याचा निर्णय शेवटी तुमच्याच हातात असतो. तुमच्या यादीतले बहुतेक पदार्थ मी स्वतः लिहून देईन. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक आणि १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. तूप, डिंक, खोबरे, बदाम यांचा लाडू दोन घासांत बरेच उष्मांक देतो आणि आळीव लोह देते. शेपू चालेल, ती पालेभाजीच आहे.

मला बदलायचे आहे ते वगळण्याच्या यादीत. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. तो तिच्याच पोटात तयार होतो आणि तिथेच राहतो. पालेभाजीचा चोथाही रक्तात जात नाही, मग दुधात जाणार कसा? पहिल्या महिन्यात बाळ दिवसातून सात-आठ वेळा पिवळी पातळ शी करते, ते दूध अंगी लागत असल्याचे लक्षण आहे आणि त्याचा दोष नेमका त्या दिवशीच्या भाजीवर येतो. दही बंद केले की शाकाहारी बाईचा बी-१२ चा उरलासुरला आधारही तुटतो. सव्वा महिन्याचे पथ्य कित्येक घरांत सहा महिने लांबते, तिथे हानी होते.

अन्नातून दुधात एक गोष्ट नक्की उतरते, ती म्हणजे चव. ज्या मातांनी शेवटच्या तीन महिन्यांत किंवा पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज तोंड वाकडे न करता खाल्ली, हे अमेरिकेत २००१ साली प्रयोगाने दिसले आहे. सुनेने मेथी, लसूण, चाकवत खाल्ले तर नातवाची जीभ त्या चवींना आधीच सरावते.

दूध कमी पडते म्हणून लाडवांची संख्या वाढवण्यापेक्षा बाळाला वरचेवर छातीशी धरावे, रात्रीही धरावे. दूध किती येणार हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर ठरते. बाटलीने वरचे दूध सुरू केले की ओढणे कमी होते आणि पान्हा खरोखरच आटतो.

हिप्परगा

माझ्या बहिणीला सहाव्या महिन्यात साखर निघाली आहे. घरचे अजूनही 'दोन जिवांचे खा' म्हणून गोड भरवत आहेत. तिने काय करावे?

जवस (धागाकर्ती)

तिला भरवणे ताबडतोब थांबवावे, उपाशी मात्र ठेवू नये. आईची साखर वारेतून बाळात जाते, बाळाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन बनवते आणि बाळ चरबीने वाढते. जन्मल्यावर नाळ तुटली की अशा बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून बाळंतपण रुग्णालयातच व्हायला हवे. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन लहान जेवणे आणि मध्ये तीन वेळा थोडे काही खाणे, दर वेळी कडधान्य, दही किंवा अंडे जोडीला, भात कमी, ज्वारीची भाकरी मापात, फळ अखंड (रस नको), जेवणानंतर १५ मिनिटे चालणे. एवढ्याने साखर आटोक्यात आली नाही तर इन्सुलिन घ्यावे लागते, आणि त्याला घाबरू नये. डाळिंबाचा पेलाभर रस 'रक्त वाढते' म्हणून तिला देत असाल तर तो बंद करा. आपले डाळिंब उत्तम आहे, पण त्यात लोह अगदी किरकोळ असते आणि रसात साखर बरीच.

पूर्व_भाग

अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना जो शिधा मिळतो त्याविषयीही लिहायला हवे. त्याचा हेतू दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने पुरवण्याचा आहे. प्रत्यक्षात तो घरात आला की सगळ्यांच्या डब्यात जातो. माझ्या शेजारच्या एका घरी मी ते पाकीट आत जाताना पाहिले आणि संध्याकाळी त्याचाच शिरा सगळ्या पोरांच्या वाट्यांत होता, ज्या बाईच्या नावाने तो आला ती भांडी घासत होती. तिला दोष देता येत नाही. घरात पाच मुले असताना कोणती बाई पाकीट लपवून एकटी खाईल? तिच्यासाठी वेगळे काढून ठेवण्याचे काम सासूने किंवा नवऱ्याने केले तरच तिला ते मिळते. पहिल्या बाळाच्या वेळी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून मिळणारे ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर मिळणारे ६,००० रुपये यांचेही बहुधा तेच होते.

विजापूर_रोड

जवसताई, पत्नीची तपासणी उद्या सकाळी आहे. पूर्व_भाग यांचे वाचून घरात एक बदल लगेच केला. आजवर ती सगळ्यांचे झाल्यावर जेवत होती, आता आम्ही तिला पहिल्या पंगतीला बसवतो. आईने थोडी कुरकुर केली, पण बी-१२ विषयीचे वाचून दाखवल्यावर तीच दही वाढू लागली.

एक शेवटची शंका. माझ्या बहिणीचे बाळ अकरा महिन्यांचे आहे, अंगावर पिते, आणि तिला पुन्हा दिवस राहिले आहेत. सासरचे म्हणतात की आता पाजणे तोडलेच पाहिजे, नाहीतर पोटातल्या बाळाचे पोषण हे मूल ओढून घेईल. तसे करावे का?

जवस (धागाकर्ती)

दादा, पहिल्या पंगतीची गोष्ट वाचून फार समाधान वाटले.

तुमच्या बहिणीला याआधी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली नसेल आणि आता रक्त जात नसेल, तर केवळ दिवस राहिले म्हणून पाजणे तोडण्याची गरज नसते. मात्र एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ज्या कारणासाठी आहे, नेमके तेच कारण तिच्या बाबतीत उभे आहे. तिचे लोह आणि हाडांतील कॅल्शियम अजून भरून आलेले नाही. म्हणून तिला दोन्हींचे, म्हणजे गरोदरपणाचे आणि पाजण्याचे, मिळून खायला मिळाले पाहिजे आणि घरकामातून दुपारी दोन तास आडवे होता आले पाहिजे. अकरा महिन्यांच्या बाळाला आता दिवसातून तीन-चार वेळा घट्ट अन्न हवे : वरणात कुस्करलेली भाकरी, तूप, उकडलेले अंडे चालत असेल तर तेही. बाळाचे जेवण वाढले की अंगावरचे आपोआप कमी होईल. तिचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचार लगेच सुरू व्हायला हवा, आणि ७ च्या खाली असेल तर घरच्या उपायांत एक दिवसही न घालवता तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे. दोघींचे अहवाल आले की इथे आकडे लिहा, त्यानुसार जेवणाचा तक्ता देते.